अटींचं भाषांतर

कल्याणच्या त्या रक्तपेढीत मी पहिल्यांदा गेलेले तेव्हा तिथल्या प्रमुख बाईंनी मला एक गोष्ट करून दाखवली. त्यांनी पडद्यावर 'ओ निगेटिव्ह' निवडलं, 'गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही' या चौकटीवर क्लिक केलं, शोधाचं बटण दाबलं आणि उठून आत चहा टाकायला गेल्या. चहा उकळला, गाळला, कप माझ्या हातात आला, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच होतं.

"हे तुमचं सॉफ्टवेअर," त्या म्हणाल्या. रागाने नाही, पाहुण्याला घर दाखवताना गळका नळही दाखवावा, तशा सुरात.

सॉफ्टवेअर माझं नव्हतं. मला त्या कंपनीत लागून जेमतेम महिना झालेला. पण कंपनीचं कार्ड माझ्या गळ्यात होतं, त्यामुळे मी बघते म्हणाले. बाई हसल्या. असं 'बघते' त्यांनी आमच्या कंपनीकडून बऱ्याचदा ऐकलं असणार. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, ठाण्याच्या खाडीकडच्या एका जुन्या ख्रिस्ती गावातल्या. घरची भातशेती होती, काका-मामा मासेमारीला जायचे, त्या मात्र शिकून रक्तपेढीत आल्या आणि तिथेच वाढत वाढत प्रमुख झाल्या. मला त्या पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायच्या. त्यांच्या गावाकडे धाकट्या बाईमाणसाला असंच हाक मारतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी कोड उघडला. आमचं ऑफिस कोलशेतला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. खिडकीतून खाडीकडची तिवरं दिसायची आणि ओहोटीला चिखलाचा वास थेट टेबलापर्यंत यायचा. कोड वाचायला लागले आणि चहा उकळेपर्यंत शोध का संपत नाही, ते तासाभरात कळलं.

रक्तदात्यांची सगळी माहिती डेटाबेसमध्ये होती. शोधणं हेच डेटाबेसचं काम आणि त्यात तो तरबेज असतो. पण आमचा कोड त्याला शोधायला सांगतच नव्हता. तो म्हणायचा, सगळेच्या सगळे दाते इकडे पाठव. मग ते सगळे आपल्या मेमरीत ओतून घ्यायचा आणि एकेकाला अट लावून बघत बसायचा. ती अट लिहिलेली होती लॅम्डा म्हणून. लॅम्डा म्हणजे नाव नसलेलं, ओळभराचं छोटं फंक्शन. एक दाता त्याच्या हातात द्यायचा. याचा गट ओ निगेटिव्ह आहे का, आणि याने अमुक तारखेनंतर रक्त दिलंय असं तर नाही ना, एवढं बघून ते हो किंवा नाही सांगतं. लिहिणाऱ्याने ते छान लिहिलेलं, वाचताना मराठी वाक्यासारखं वाटत होतं. अडचण एकच. डेटाबेसला लॅम्डा कळत नाही. त्याला क्वेरी, म्हणजे त्याच्या भाषेत लिहिलेला प्रश्न लागतो आणि मध्ये भाषांतर करायला कोणीच नव्हतं.

आमचा टीम लीड डोंबिवलीचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. हुशार मुलगा, पण कायम घाईत. बोलायला बसला तरी अर्धा उभाच. त्याच्याकडे उपाय तयार होता. जे जे शोध मंद चालतात त्यांच्यासाठी हाताने वेगळ्या क्वेऱ्या लिहायच्या आणि मोकळं व्हायचं. मी त्याला सांगितलं की अशा अटी कोडभर पसरल्यात. प्रत्येक अट एकदा लॅम्डात आणि एकदा क्वेरीत अशी दोनदा लिहिली, तर वर्षभरात कोणीतरी एक बदलेल आणि दुसरी विसरेल. त्यापेक्षा अटींना हात लावू नये. त्या वाचून क्वेरी तयार करणारा भाषांतरकार एकदाच लिहावा.

तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड, का नको, असं त्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. पण डेटाबेसशी बोलणारा आमच्या कोडचा थर घरचाच, जुना, ओबडधोबड. तयार लायब्ररी आणायची तर तो सगळा थर उपटावा लागला असता आणि रक्तपेढ्या तोवर चहाच उकळत बसल्या असत्या.

"ताई, हे म्हणजे आख्खा कंपायलर लिहिण्यासारखं आहे," तो म्हणाला. "तुम्हाला जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. "मला पंधरा दिवस दे आणि मध्ये विचारू नकोस."

त्याला माझ्याबद्दल शंका असणं स्वाभाविक होतं. मुलगी शाळेत रुळेपर्यंत मी काही वर्षं घरी होते. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत माझी ओळख 'तिची आई' एवढीच उरलेली. पण त्याआधी मी एका कंपनीत सूत्रं वाचणारा कोड लिहायचे. माणसाने लिहिलेलं सूत्र तोडायचं, त्याचे भाग ओळखायचे, यंत्राला कळेल असं परत मांडायचं. हात सुटला होता, पण डोकं काही गंजलं नव्हतं. इंटरव्ह्यूतही मी हेच सांगितलेलं आणि सांगताना आवाज खाली आणला नव्हता.

कामाला लागले तेव्हा पहिले दोन-तीन दिवस मजेत गेले. लॅम्डा एरवी बंद डब्यासारखी असते. चालवता येते, आत काय आहे ते दिसत नाही. पण आम्ही वापरत होतो त्या भाषेत एक सोय आहे. ती अट चालवायला न मागता वाचायला मागता येते. मग ती झाडासारखी उघडते. सगळ्यात वर 'आणि', त्याच्याखाली दोन फांद्या. एका फांदीवर 'गट बरोबर ओ निगेटिव्ह', दुसरीवर 'नाही', त्या 'नाही'च्या खाली तारखेची तुलना. मी वरून खाली उतरत जायचे आणि प्रत्येक फाट्यावर क्वेरीतला शब्द लिहीत जायचे. कंसांची तेवढी काळजी घ्यावी लागते. 'आणि' आणि 'किंवा' एकत्र आले आणि कंस राहिला तर अर्थच फिरतो.

मग पहिली खरी अडचण आली. अटीत एका ठिकाणी म्हटलेलं, दात्याचं शहर आणि निवडलेलं शहर एकच असावं. 'दात्याचं शहर' हा डेटाबेसमधला रकाना, ते सरळ होतं. पण 'निवडलेलं शहर' हे दात्याचं नाही. ते पडद्यावर बसलेल्या माणसाने आत्ता निवडलेलं, आमच्या कोडमध्ये असलेलं. माझा भाषांतरकार तेही रकाना समजून डेटाबेसला मागायला लागला आणि असा रकाना नाही म्हणून डेटाबेस ओरडायला लागला. मी जेवणाचा डबा पुढ्यात घेऊन त्यावर विचार करत बसले आणि जेवण संपायच्या आत नियम सापडला. जे दात्यापासून निघतं ते तसंच भाषांतरात जाऊ द्यायचं. जे दात्यापासून निघत नाही, त्याची किंमत आधी इथेच काढायची आणि ती तयार किंमत क्वेरीबरोबर वेगळी पाठवायची. एवढं केल्यावर निम्म्याहून जास्त अटी एका दुपारात चालायला लागल्या. डब्यात अर्धी पोळी तशीच राहिलेली, पण मी खूश होते.

लीडशी माझं वाजलं ते पुढच्या गोष्टीवरून. कोणीतरी कधीतरी 'जवळ राहतो का' असं एक फंक्शन लिहून अटीत वापरलेलं. आत बरंच गणित होतं. डेटाबेसला ते कळणं शक्य नव्हतं. भाषांतरकाराने अशा वेळी काय करायचं? लीड म्हणाला, काही बोलायचं नाही, गुपचूप सगळे दाते मेमरीत आणायचे आणि जुन्यासारखं तपासायचं. वापरणाऱ्याला काही कळणार नाही. मी म्हणाले की हेच नको. जे भाषांतर होत नाही ते होत नाही असं त्याने तिथल्या तिथे थांबून सांगायला हवं, नाहीतर मंदपणा परत मागच्या दाराने येईल आणि कोणाला पत्ता लागणार नाही. अटीचे भाग 'आणि'ने जोडलेले असतील तर जमणारा भाग डेटाबेसकडे द्यावा, उरलेल्या थोड्या दात्यांवर न जमणारा भाग इथे लावावा. पण तसं करतोय हे लिहिणाऱ्याने कोडमध्ये उघड लिहावं. 'किंवा'ने जोडलेले असतील तर तेही करता येत नाही, कारण डेटाबेसने गाळलेला माणूस 'किंवा'च्या दुसऱ्या बाजूच्या अटीत बसणारा असू शकतो.

त्याला हे पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, प्रोग्राम अडणं ग्राहकाला आवडत नाही. मी सांगितलं, प्रोग्राम आपल्याकडे अडेल, लिहिणाऱ्याच्या टेबलावर, ग्राहकाच्या नाही. दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, ठीक आहे, तुमच्या पद्धतीने करू.

पंधरा दिवसांच्या आत सगळं उभं राहिलं. शोधाचं बटण दाबलं की यादी डोळ्यांसमोर. लीडने तीन-चार जणांना बोलावून दाखवलं आणि उद्याच कल्याणच्या कॉम्प्युटरवर चढवू या म्हणाला. मला मात्र एक तपासणी करायची होती. मी डेटाच्या प्रतीवर तोच शोध जुन्या पद्धतीने आणि नव्या पद्धतीने चालवला आणि दोन याद्या शेजारी ठेवल्या.

नव्या यादीत माणसं कमी होती.

फार नाही, पण कमी. लीडने बघितलं आणि म्हणाला की जुन्या कोडमध्येच काहीतरी गडबड असेल, जास्तीची नावं येत असतील. मला तसं वाटलं नाही. गळलेली नावं मी एकेक उघडली. सगळ्यांत एक गोष्ट सारखी निघाली. शेवटचं रक्त कधी दिलं, त्या रकान्यात काहीच नव्हतं. तारीख रिकामी.

मग ध्यानात आलं. अट होती, 'गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलंय असं नाही.' आमच्या भाषेत रिकाम्या तारखेची तुलना केली की उत्तर 'नाही' येतं. तीन महिन्यांत दिलंय? नाही. अटीतल्या 'नाही'ने ते उलटलं की 'हो', आणि दाता यादीत. डेटाबेसचा स्वभाव वेगळा. रिकामी जागा दिसली की तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तो म्हणतो, माहीत नाही. आणि 'माहीत नाही' उलटं केलं तरी 'माहीत नाही'च राहतं. ज्याच्याबद्दल माहीत नाही त्याला तो यादीत घेत नाही. माझा प्रत्येक शब्द बरोबर उतरलेला आणि वाक्याचा अर्थ मात्र बदललेला.

लीडचं मत पडलं की हे आपण चढवून टाकू, पुढच्या वेळी बघू. तारीखच नसलेली माणसं म्हणजे अर्धवट भरलेली माहिती, ती यादीत नसली तर बिघडतं काय? मला उत्तर माहीत नव्हतं. पण ज्यांना माहीत होतं त्या कल्याणला बसत होत्या. म्हणून मी त्याला थांबायला सांगितलं, तो कुरकुरत थांबला, आणि दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेले आणि बाईंना विचारलं, ही रिकाम्या तारखेची माणसं कोण?

त्यांनी नावं वाचली आणि सांगितलं की कॉलेजांमधून आणि गावांमधून गट तपासायची शिबिरं होतात. तिथे पोरं येतात, बोटाला टोचून घेतात, गट कळतो, नाव नोंदवतात. रक्त त्या दिवशी घेत नाहीत. गरज लागली तर बोलावू असं सांगून पाठवतात.

"यांना मी सोडत नाही, बाय," त्या म्हणाल्या. "दहा वेळा दिलेला माणूस कधीतरी कंटाळतो. ज्याला अजून कोणी बोलावलंच नाही, तो फोनची वाट बघत असतो."

मला एवढं पुरे होतं. परत येऊन मी भाषांतरकाराला एक नवी गोष्ट शिकवली. 'नाही' लावलेली तुलना दिसली आणि तो रकाना रिकामा असू शकत असेल, तर 'किंवा रिकामा असेल' हे शब्द त्याने स्वतःहून घालायचे. लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ डेटाबेसपर्यंत पोचायला तेवढे जास्तीचे शब्द लागतात. मग दोन्ही याद्या परत चालवल्या. नाव न् नाव जुळलं. त्यानंतर कोडमधल्या सगळ्या अटी मी तशाच दुहेरी चालवून घेतल्या आणि कुठे फरक येत नाही हे बघितल्यावरच लीडला म्हणाले, आता चढव.

नवीन पद्धत कल्याणला सुरू झाली. थोड्या दिवसांनी तिथल्या बाकीच्या लोकांना शिकवायला मी गेलेले, तेव्हा सकाळीच एका इस्पितळातून फोन आला. शहापूरकडची एक बाई दाखल होती, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, गट ओ निगेटिव्ह. पेढीच्या फ्रिजमध्ये त्या गटाची एकच पिशवी होती आणि डॉक्टरांना हाताशी आणखी एक हवी होती. बाईंनी मला बाजूला सरायला सांगितलं, स्वतः खुर्चीवर बसल्या आणि शोध लावला. यादी लगेच आली. त्यांनी सरळ फोन उचलला.

पहिला दाता नाशिकला बहिणीकडे गेलेला. दुसऱ्याला ताप होता. तिसऱ्याने फोन उचलला नाही. चौथं नाव रिकाम्या तारखेचं होतं. खडवलीला राहणारा एक शाळामास्तर. बाईंनी त्याला कोण बोलतंय, कशासाठी, सगळं सावकाश सांगितलं. मग त्याने एवढंच विचारलं की आजच यायचं का. शाळेत सांगून निघतो म्हणाला.

दुपारी तो आला. चौतीस-पस्तिशीचा असेल, बाहीला खडूची पूड तशीच. घाईत जेवलाच नव्हता. उपाशी माणसाचं रक्त घेणार नाही म्हणून बाईंनी त्याला दरडावलं आणि आपला डबा उघडून पुढे ठेवला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तो आधी नको नको म्हणाला, मग नीट बसून जेवला. जेवताना त्याने आम्हाला सांगितलं की डी.एड. करत असताना शिबिरात त्याने गट तपासून घेतलेला. तुझा गट कमी लोकांत असतो, तुला बोलावू, असं तिथल्या कोणीतरी म्हटलेलं. त्याने ते मनावर घेतलं. नंबर कधी बदलला नाही.

"मला वाटायला लागलेलं की माझं नाव कुठेतरी राहून गेलं," तो म्हणाला.

मी समोरच उभी होते. त्याचं नाव राहून जाणं म्हणजे नेमकं काय, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी स्वतः त्याला गाळणारी क्वेरी लिहून बसलेले आणि ती चूक वेळेवर पकडलेली. त्याला सांगण्यासारखं ते नव्हतंच. त्याने बाही वर केली, मान दुसरीकडे वळवली आणि सुई टोचली तरी हूं की चूं केलं नाही. नंतर बिस्किटं खाताना मात्र दुसऱ्यांदा कधी येता येईल, असं बाईंना विचारून गेला.

त्याच्या रक्ताच्या तपासण्या संध्याकाळपर्यंत झाल्या आणि पिशवी इस्पितळात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा मला ऑफिसात फोन आला. ऑपरेशन नीट पार पडलं, दुसरी पिशवी लागली, ती शहापूरची बाई शुद्धीवर आली. "तुझ्या लीडला सांग," त्या म्हणाल्या. त्याला मी कधी काय सांगितलेलं, तो काय म्हणालेला, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त वाटत होतं की मोठ्या साहेबाला कळावं.

मी सांगितलं. लीड ऐकत होता तेव्हा पहिल्यांदाच पूर्ण खुर्चीत बसलेला दिसला. मास्तरचं नाव कुठल्या यादीत होतं आणि कुठल्या यादीत नव्हतं, हे त्याने स्वतः उघडून बघितलं. मग तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी चढवून टाकलं असतं." मी म्हणाले की तू चढवलं नाहीस, थांबलास, तेच महत्त्वाचं. हे मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. त्याच्या हातात अधिकार होता आणि तरी तो थांबलेला.

त्या आठवड्यात त्याने टीमला सांगून टाकलं की यापुढे कुठलाही शोध बदलला तर जुना आणि नवा शेजारी ठेवून चालवल्याशिवाय पुढे जायचं नाही. नियम कोणाच्या डोक्यातून आला ते त्याने सांगितलं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. थोड्या महिन्यांनी डेटाबेसशी बोलणारा सगळा थर त्याने माझ्याकडे सोपवला आणि हाताखाली दोघं दिले. रक्तपेढ्यांना भेटी द्यायचं काम मात्र आता दुसऱ्या कोणाकडे देऊ म्हणाला, तुमचा वेळ कोडमध्ये जाऊ दे.

पहिल्या गोष्टीला मी हो म्हणाले. दुसरीला नाही. कल्याणला महिन्यातून एकदा मीच जाणार, असं त्याला स्पष्ट सांगितलं, आणि अजूनही मीच जाते.